दार होतं, भिंत नव्हती

हा अंक काढते माझी मैत्रीण. तिने फोनवर सांगितलं, "तुझ्या धंद्यातल्या गमतीजमती लिही, दिवाळीत लोकांना हलकंफुलकं वाचायला आवडतं." गमती पुष्कळ आहेत. त्यातल्या एक-दोन सांगतेही. पण जे सांगायचं म्हणून मी पेन हातात घेतलं ते हलकं नाही, आणि सांगताना माझा आवाज चढणार आहे. फराळाचं ताट बाजूला ठेवून वाचलंत तर बरं.

मी ठेकेदार. बाई ठेकेदार म्हटलं की लोक आधी माझ्या मागे बघतात, नवरा कुठे उभा आहे म्हणून. नवरा शाळेत मास्तर होता, तो त्या वेळी वर्गात असायचा. सासरे चिऱ्याची, म्हणजे जांभ्या दगडाची, कामं घेत. मी डिप्लोमा करून, लग्न होऊन जामसंड्यात आले. सासऱ्यांनी वर्षभर माझी टीका ऐकून घेतली आणि एके दिवशी मोजायची टेप माझ्या हातात देऊन म्हणाले, "आता तू कर आनी माका गप बसांदे." तेव्हापासून मजुरांपासून गिऱ्हाइकांपर्यंत सगळे मला वैनी म्हणतात.

मोकळ्या जमिनीवर नवं बांधणारे आमच्या जिल्ह्यात ढीगभर आहेत. मी पहिल्यापासून जुन्याच्या वाटेला गेले, त्यातही ऑफिसांच्या. जुनं ऑफिस कमी पडायला लागतं. माणसं वाढतात, कपाटं वाढतात, कॉम्प्युटर येतात. मग कोणीतरी म्हणतं, मागच्या अंगाला दोन खोल्या काढू, वर मजला चढवू, मधली भिंत उडवू. तिथे मला बोलावतात.

बाहेरच्याला वाटतं हे नव्यापेक्षा सोपं, निम्मं तर आधीच उभं आहे. अवघड तेच असतं, कारण जे उभं आहे ते कशावर उभं आहे याचा विचारच कोणी केलेला नसतो. सिमेंटच्या इमारतीत भार खांब घेतात, भिंत नुसती आडोशाला. पाडली तरी बहुधा चालतं. आमच्याकडच्या जुन्या चिऱ्याच्या इमारतीत खांबच नसतात. भिंत हाच खांब. कौलं रिपांवर, रिपा वाशांवर, वासे आढ्यावर आणि आढं भिंतीवर. भिंत काढलीत की वरचं सगळं हवेत. हे मी आजवर इतक्या जणांना सांगितलं आहे की माझा नवरा झोपेतही म्हणून दाखवेल.

दुसरी अडचण म्हणजे ऑफिस कधी रिकामं होत नाही. घराचं काम असलं तर माणसं भावाकडे जाऊन राहतात. ऑफिस कुठे जाणार? एका खोलीत आम्ही गिलावा खरवडतोय, बाजूच्या खोलीत बाईमाणूस तोंडाला पदर लावून शिक्के मारतंय, असंच सगळीकडे. आणि त्याच बाईमाणसासाठी नकाशात मी संडास काढलेला असतो. माझा अनुभव असा की जागा कमी पडायला लागली की नकाशातून पहिली खोडली जाणारी गोष्ट तीच. साहेबांच्या केबिनला स्वतंत्र बाथरूम असतं. बायकांनी शेजारच्या घरी जायचं. मी यावर जिथे जिथे भांडले तिथे तिथे मला सांगण्यात आलं की वैनी, तुम्ही प्रत्येक गोष्ट मनाला लावून घेता.

गमती सांगते म्हटलं होतं. नांदगावला एक वकील होते. त्यांचं ऑफिस म्हणजे मुळात वडिलांनी बांधलेली गुरांची पडवी, बाजूने भिंती घालून बंद केलेली. त्यांना वर मजला हवा होता. मी पाया उकरून दाखवला. पाया कसला, दोन थर चिरे आणि खाली माती. मी म्हटलं, यावर मजला नाही चढणार. ते म्हणाले, "वैनी, कायद्यात कुठे लिहिलंय?" मी म्हटलं, जमिनीने तुमचा कायदा वाचलेला नाही. त्यांनी मजला नाही बांधला, पण माझ्याशी बोलणंही सोडलं.

तोंडवलीला एकाने किनाऱ्यावर जाळी ठेवायची खोली विकत घेतली. पर्यटकांच्या बुकिंगसाठी तिथे ऑफिस करायचं. समुद्राकडची सगळी भिंत त्याला काचेची हवी होती. ती समुद्राकडची म्हणजे पश्चिमेची. मी सांगितलं, दुपारनंतर आत पापड भाजाल. ऐकलं नाही. भिंत भार घेणारी नव्हती, म्हणून मी काच लावून दिली. मे महिन्यात सहज डोकावले तर आतून सगळ्या काचेला जाड पडदे, आणि पडद्यांवर समुद्राचं चित्र. असल्या मूर्खपणावर मी हसू शकते. त्यात कोणाच्या डोक्यावर काही पडत नाही.

आता ज्या कामासाठी लिहायला बसले ते.

ती संस्था आंबा बागायतदारांची, देवगडच्या बाजूची. नाव सांगत नाही आणि गावही सांगत नाही, कारण मला कोर्टकचेऱ्या करायच्या नाहीत. कार्यालय म्हणजे ओळीने तीन खोल्या, पुढे पडवी, वर कौलं. आदल्या पिढीतल्या बागायतदारांनी स्वतः चिरे वाहून बांधलेलं. मागच्या अंगाला दुमजली सिमेंटची इमारत जोडायची आणि पुढचं जुनं दुरुस्त करायचं, असं काम होतं. अध्यक्षांना सगळे भाई म्हणत. उंच, गोड बोलणारे. खुशीत असले की मालवणीत बोलत आणि आवळायचं असलं की ऑफिसच्या मराठीत. पुढे पुढे मला त्यांच्या पहिल्याच शब्दावरून कळायचं की आज काय वाढून ठेवलंय.

आणि तिथे फिलोमिना होती. पहिल्या आणि दुसऱ्या खोलीच्या मधल्या भिंतीला टेकून तिचं टेबल. पलीकडच्या ख्रिस्ती वाडीतून रोज चालत यायची. बागायतदारांची खोक्यांची, औषधांची मागणी तिच्याकडे. कोणाच्या बागेत किती कलमं, कोणाचा मुलगा मुंबईला, कोणाला गुडघ्यामुळे पायरी चढवत नाही, हे तिला तोंडपाठ. पडवीत म्हातारा बागायतदार दिसला की ती कागद घेऊन स्वतः बाहेर जायची. पहिल्याच दिवशी तिने मला बजावलं, "काय ता बांध गो, पण माझा टेबल हालवू नको. लोकांका मी हंयच गावतंय हां." आम्ही एका वयाच्या, त्यामुळे लगेच अगं-तुगंवर आलो. तिच्या डब्यातलं सुंगटाचं, म्हणजे कोळंबीचं, लोणचं मी इतकं खाल्लंय की ती नंतर दोन बाटल्यांत आणायची.

मागच्या इमारतीचा सांगाडा उभा राहिला. जुनी आणि नवी इमारत एकमेकींना चिकटवायच्या नाहीत, मध्ये बोटभर फट ठेवायची, हा आमच्यातला नियम. जुनी जमिनीत बसायची तेवढी बसलेली असते, नवी अजून बसायची असते. फट ठेवली नाही तर नवी खाली बसताना जुनीला ओरबाडते. मी फट ठेवली होती. ती लक्षात ठेवा असं नाही, पण तिच्यावरूनही नंतर माझीच अब्रू गेली.

काम असं चाललेलं असताना भाईंच्या मनात आलं की पुढच्या दोन खोल्यांचा मिळून एक हॉल व्हायला हवा. उद्घाटनाला मोठी माणसं येणार, मंडप घालण्यापेक्षा आत कार्यक्रम केलेला बरा. म्हणजे फिलोमिनाच्या मागची भिंत जायची. नव्या इमारतीचे आर्किटेक्ट त्या दिवशी कोल्हापूरहून आलेले होते. त्यांच्यासमोर मी भाईंना वर आढं दाखवलं, ते त्या भिंतीवर कसं टेकलंय ते दाखवलं. म्हटलं, भिंत काढता येईल, पण आधी खालून टेकू द्यायचे, मग दोन्ही बाजूंनी लोखंडी गर्डर घालून भिंतीचा आढ्यापर्यंत गेलेला वरचा त्रिकोण त्यांच्यावर घ्यायचा, आणि मगच खालची भिंत काढायची. तेवढे दिवस ऑफिस या खोल्यांत नाही.

आर्किटेक्ट म्हणाले, "मॅडम बरोबर सांगताहेत. दुसरा मार्ग नाही." हे त्यांचे शब्द. मी ते विसरलेले नाही.

भाई हसले. "बरा तर. तुमी सांगशात तसा. हाडा तुमचे गर्डर."

शिमगा तोंडावर आला होता. शिमग्यात आमच्याकडे माणूस कामावर राहत नाही. पालखी गावात फिरत असते, मुंबईची माणसं आलेली असतात, आणि माझा गुणाजी मेस्त्री तर पालखीच्या खांद्याचा मानकरी. मी सगळ्यांना सोडलं आणि त्याच सुट्टीत गर्डर बघायला कोल्हापूरला गेले. जाताना मॅनेजरला, फिलोमिनाला आणि फोनवर भाईंना सांगितलं, मी येईपर्यंत त्या भिंतीला कोणी खिळाही मारायचा नाही.

परत आले त्या सकाळी घरीही गेले नाही, एस.टी.तून उतरून तशीच साइटवर. पडवीत नेहमीपेक्षा गर्दी. हापूसचा सीझन सुरू झालेला, ऑफिसच्या सुट्टीनंतरचा पहिला दिवस, बागायतदार खोक्यांसाठी आलेले. मी माणसांतून वाट काढत आत गेले आणि माझे पाय थांबले.

भिंत नव्हती. म्हणजे खालची नव्हती. जमिनीपासून डोक्याच्या वर हातभर, दोन्ही बाजूंनी साफ तोडून नेलेली. मधोमध दाराची सागवानी चौकट तेवढी उभी. तिच्या अंगाला ना डावीकडे काही ना उजवीकडे. आणि त्या एका चौकटीच्या डोक्यावर वरचा सगळा चिऱ्यांचा त्रिकोण, त्यावर आढं, वासे आणि दोन्ही खोल्यांची कौलं.

आणि माणसं त्या चौकटीतूनच ये-जा करत होती. दोन्ही बाजू मोकळ्या असूनही सवयीने दारातूनच. एक म्हातारा तर चौकटीला हात टेकून चप्पल झाडत होता.

चौकटीपासून दोन पावलांवर फिलोमिना नेहमीच्या जागी बसलेली. टेबलावर लाल चुरा. चहाच्या कपावर तिने बशी झाकून ठेवली होती.

मी म्हटलं, "फिलोमिना, ऊठ."

ती म्हणाली, "सकाळपासून दोनदा सांगलंय मॅनेजराक, वरसून चुरो पडता म्हणान. तो म्हणता, भाईंनी करून घेतलेला आसा, काय होवचा नाय, बसा."

मी चौकटीजवळ गेले. दाराची फळी ओढून बघितली, हलेना. चौकट दबली होती. वरचा भार तिच्यावर आला होता आणि तिने दाराला घट्ट पकडलं होतं. पाडणाऱ्यांनी चौकट का ठेवली ते मला तेव्हा कळलं. ठेवली नव्हती, निघाली नव्हती. नंतर समजलं की भाईंच्या ओळखीच्या एका रस्त्याच्या कामावरची माणसं शिमग्याच्या सुट्टीत बोलावली होती, कातळ फोडायच्या मशीनसकट. त्यांना इमारतीतलं काय ठाऊक? त्यांना सांगितलं भिंत काढा, त्यांनी काढली. चौकट ओढून बघितली, येईना, तेव्हा राहू दे म्हणाले आणि गेले. ती सहज निघाली असती तर त्याच क्षणी तीच माणसं तिथे गाडली गेली असती. मी चौकटीच्या वरच्या लाकडाला कान लावला. आत बारीक कुरकुर चालू होती. जुनं सागवान एकदम मोडत नाही, आधी सांगतं. किती वेळ सांगत राहील ते मात्र सांगता येत नाही.

मी मीटरजवळ जाऊन मेन स्विच खाली ओढला. पंखे थांबले, कॉम्प्युटर बंद पडले, मॅनेजर केबिनमधून बाहेर आला. मी म्हटलं, सगळ्यांनी बाहेर. आत्ता. कागद राहू देत. तो म्हणाला, भाईंना विचारतो. मी म्हटलं, विचारा, पण बाहेर उभे राहून. मी ओरडले नाही. मला भीती होती की ओरडले तर माणसं धावतील आणि कोणीतरी चौकटीला धडकेल. म्हाताऱ्यांना मी एकेक करून हाताला धरून, चौकट टाळून, बाहेरच्या भिंतीच्या कडेने नेलं. फिलोमिना सगळ्यात शेवटी उठली, कारण ती नावं घेऊन हाका मारत होती, कोण मागे संडासाकडे गेलाय का म्हणून. मग पडवीतलं दार ओढून घेतलं आणि मागच्या इमारतीच्या सामानाच्या खोलीचं माझं कुलूप आणून त्याला लावलं.

भाई आले. गाडीतून उतरताना मालवणी.

"वैनी, ह्या काय? सीझनचो टाइम आसा. लोक लांबसून इले आसत. कुलूप काढा."

मी म्हटलं, भिंत कोणी पाडली?

"अवो, तुमका वेळ लागी होतो म्हणान थोडा काम हलका करून घेतलंय. तुमी बायल माणूस, इतको राग बरो नाय."

मी म्हटलं, कुलूप निघणार नाही. तेव्हा मराठी सुरू झाली. "हे पहा मॅडम, ही संस्थेची मालमत्ता आहे. तुम्ही नेमलेल्या ठेकेदार आहात. संस्थेच्या कामकाजात अडथळा आणल्याबद्दल मला तुमच्याविरुद्ध तक्रार करावी लागेल." आणि केली त्यांनी तक्रार. तिथूनच फोन लावला. थोड्या वेळाने एक हवालदार मोटरसायकलवरून आले. त्यांनी खिडकीतून आत बघितलं. बराच वेळ बघितलं. मग माझ्याकडे वळून म्हणाले, "ह्या असाच होता?" मी म्हटलं, असंच. त्यावर ते फाटकाबाहेर जाऊन आपल्या मोटरसायकलपाशी उभे राहिले.

मी किल्ली काढून भाईंसमोर धरली. आजूबाजूला बागायतदार, ऑफिसची माणसं, सगळे ऐकत होते. म्हटलं, "भाई, ही चावी घेवा. कुलूप तुमीच काढा, आत जावा आनी त्या चौकटीखाली खुर्ची घेवन बसा. तुमचो चाय पिऊन झालो की मी सगळ्यांका आत सोडतंय."

त्यांनी किल्ली घेतली. दोन पायऱ्या चढले. पडवीत जाऊन दारासमोर उभे राहिले, कुलपाला हात लावला. आत कुठेतरी चिऱ्याचा एक खडा जमिनीवर पडला. लहानसाच आवाज, पण माणसं इतकी गप्प होती की सगळ्यांनी ऐकला. भाई मागे वळले, किल्ली कठड्यावर ठेवली आणि मॅनेजरला म्हणाले, "आज पडवीतच काम करा." एवढंच. माझ्याकडे बघितलंही नाही.

गुणाजीच्या गावची पालखी अजून फिरत होती; मी त्याला फोन केला तेव्हा मागे ढोल वाजत होते. खांदा दुसऱ्याला देऊन तो दोघांना घेऊन आला, कपाळावर गुलाल तसाच. आतलं बघून तो शिवी देणार होता, मला बघून गिळली. आत जायची वेळ आली तेव्हा म्हणाला, "वैनी, तुमी भायर रवा. तुमका काय झाला तर मास्तरांका काय सांगू?"

मी म्हटलं, "तुका काय झाला तर तुझ्या बायलेक मी काय सांगू? टेकू धर."

टेकू द्यायचा म्हणजे नुसता खांब उभा करून चालत नाही. खाली फळी, वर फळी, आणि मध्ये पाचर हळूहळू ठोकत न्यायची. जास्त ठोकली तर वरचं उचललं जाऊन तडकतं, कमी ठोकली तर टेकू शोभेचा. लाकडावर टिचकी मारत राहायचं. भार आला की आवाज बदलतो. पहिला टेकू चौकटीच्या अगदी बाजूला द्यायचा होता, म्हणजे खाली उभं राहिल्याशिवाय इलाज नव्हता. मला त्या वेळी देव आठवला नाही, मुलं आठवली नाहीत. मला भाईंचा चेहरा दिसत होता आणि प्रत्येक ठोक्याला मी मनातल्या मनात त्यांना बोलत होते. रागाचा एक उपयोग सांगते, हात थरथरत नाहीत.

पहिला बसला, मग दुसरा, मग चौकटीच्या पलीकडचे. दुपार कलल्यावर गुणाजीने दाराच्या फळीला हात लावला आणि ती हलली. चौकटीवरचा भार उतरला होता. आम्ही चौघे तिथेच खाली बसलो. फिलोमिनाने पडवीतून तांब्याभर पाणी आणून दिलं आणि मला म्हणाली, "तोंड बगलंस तुझा? लाल माकडासारख्या झालाहा."

गर्डर आले, बसवले, वरचा त्रिकोण त्यांच्यावर घेतला. तोपर्यंत ऑफिस पडवीत आणि शेजारच्या गोठ्यात चाललं. काहीही पडलं नाही. कोणालाही खरचटलं नाही.

आणि हीच माझी चूक ठरली. पडलं असतं तर मी खरी ठरले असते. पडलं नाही म्हणून मी नाटकी बाई ठरले. संस्थेच्या बैठकीत ठराव आला की ठेकेदाराने ऐन सीझनमध्ये कार्यालयाला टाळं ठोकून संस्थेची बदनामी केली. मला बोलायला बोलावलं होतं. मी सगळं सांगितलं. एक सभासद म्हणाला, "पण पडाक नाय मा काय एक?" मी म्हटलं, टेकू दिले म्हणून नाही पडलं. तो म्हणाला, "ता तुमी सांगतास." आर्किटेक्ट समोर बसले होते. मी त्यांना विचारलं, तुम्ही सांगा, भिंतीखाली माणसं बसवण्यासारखी स्थिती होती का? ते म्हणाले, "मी त्या दिवशी साइटवर नव्हतो. प्रत्यक्ष न पाहता मत देणं योग्य होणार नाही." माणूस शिकलेला, सगळं समजत असलेला. त्याचा मला भाईंपेक्षा जास्त राग आहे. भाईंनी निदान कुलपाला हात तरी लावला होता.

मग फिलोमिना उठली. तिला कोणी बोलावलं नव्हतं. कागदपत्रं आणून द्यायला म्हणून ती दाराशी होती. म्हणाली, "मी थंय बसलेलंय. माझ्या टेबलार चुरो पडी होतो. मॅनेजराक मी दोनदा सांगलंय. वैनी येवक नाय असती तर आज तुमी माझ्या फोटोक हार घाली असतास." आणि बसली नाही, तशीच निघून गेली.

माझं काम काढून घेतलं. ते मी समजू शकते, ठेकेदाराची कामं जातात. पण पावसाळ्याआधी फिलोमिनाची बदली झाली, नांदगावच्या गोदामावर. घरापासून दहा मिनिटं चालत येणारी बाई सकाळच्या अंधारात एस.टी. पकडायला लागली. गोदामात ना टेबल ना माणसं, रिकामी खोकी मोजायची आणि गाडी आली की दार उघडायचं. बदलीच्या कागदावर लिहिलं होतं, प्रशासकीय सोयीसाठी. मी भाईंना भेटायला गेले, भेटले नाहीत. दोनचार सभासदांकडे गेले. ते म्हणाले, वैनी, हा संस्थेचा अंतर्गत मामला आहे. ज्या म्हाताऱ्यांना मी हात धरून बाहेर काढलं होतं त्यांतले दोघे सभासद होते. त्यांच्या तोंडूनही हेच. फिलोमिनाने दीड पावसाळा तो प्रवास केला. मग कंबर धरली आणि निवृत्तीला काही वर्षं असताना तिने राजीनामा दिला.

उद्घाटन झालं. नव्या ठेकेदाराने गर्डरखाली खोटं छत लावलं, त्यामुळे ते कोणाला दिसत नाहीत. जुन्या-नव्यातली फट त्याने सिमेंटने भरून वर रंग लावला. दर पावसाळ्यात तिथे भेग पडते, दर दिवाळीला ती भरतात, आणि येणाऱ्या-जाणाऱ्याला सांगतात की आधीच्या बाईने पाया धड घातला नाही. मी नकाशात काढलेल्या बायकांच्या संडासाच्या जागेवर सर्व्हर रूम झाली.

यानंतर मी बरीच कामं केली. हा विषय मी बोलायची बंद झाले होते. या वर्षी शिमग्यानंतर फोन वाजला.

"वैनी, ओळखल्यात?"

मी ओळखलं. मालवणी होती, म्हणजे काम होतं.

"घराची मधली भिंत काढूची आसा. धाकट्या झिलाचा लगीन ठरलाहा, हॉल मोठो करूचो आसा. घर जुना, चिऱ्याचा. तुमीच येवन बगा."

मी म्हटलं, "भाई, ऑफिस ज्यांनी पुरा केल्यानी, त्यांका सांगा."

भाई म्हणाले, "तेंच्यावर घर कसा सोपवू, वैनी? घरात नातवंडां आसत."

मी ओट्यावर बसले होते ती उठून उभी राहिले. इतकी वर्षं मला वाटत होतं की त्यांना कळलं नव्हतं. अडाणीपणा, घाई, मोठेपणाची हौस, त्यातून झालं, असं मी स्वतःला समजावत आले होते. त्यांना सगळं कळत होतं. भिंत काय करते ते कळत होतं, कोण खरं बोलतंय ते कळत होतं, टेकू कोणाच्या हाताने द्यायचे तेही कळत होतं. फक्त ऑफिसात त्यांची नातवंडं नव्हती. तिथे फिलोमिना होती आणि खोक्यांसाठी आलेले म्हातारे होते.

मी म्हटलं, "येतंय मी. पण आदी माझ्यावांगडा फिलोमिनाबायच्या घराक येवचा, आनी तिका तोंडार सांगूचा की तू सांगी होतंस ता खरा होता."

भाई म्हणाले, "बगतंय." फोन ठेवला. पुन्हा आला नाही. लग्न झालं. गुणाजी जेवायला गेला होता, त्याने सांगितलं की मांडव अंगणातच होता, घराला हात लावलेला नाही.

हे सगळं मी फिलोमिनाला सांगायला गेले. मला वाटलं होतं तिला बरं वाटेल. ती मागच्या दारी काजूच्या बिया वाळत घालत होती. ऐकता ऐकता तिचे हात थांबले.

"तू माका इचारलंस?" ती म्हणाली. "तेका माझ्या दारार हाडूक तुका कोणी सांगलेला?"

मी तिच्या शेजारी खाली बसले.

"माका तेची माफी कित्याक व्हयी गो? तो येतलो, हात जोडतलो, चाय पितलो आनी जातलो. माका माझा टेबल व्हया होता. थंय माका लोक नावान हाक मारी."

तिने बिया पुन्हा पसरायला घेतल्या. मग तिनेच विचारलं, "भिंतीक हात लावूक नाय मा त्यांनी?"

नाही म्हटलं.

"मगे बरा झाला. पोरां निजतत थंय."

असं म्हणून ती मला चहा करायला आत गेली. तिला असं बोलता येतं. मला येत नाही. मी तिथे मागच्या दारी बसून होते, आणि माझ्या मनात एकच होतं की उद्या जर तो फोन पुन्हा आला तर टेकू घेऊन मी जाईनच, न सांगता, न बोलता जाईन, कारण ती पोरं त्या भिंतीपाशी निजतात. आणि मी जाईन हे त्या माणसाला पक्कं ठाऊक आहे. माझा राग निवत नाही तो त्यामुळे.